ऐंशी वर्षं न नेलेला शर्ट

दोस्तांनो, जुन्या नाण्यांवरचा आणि काडेपेट्यांच्या छापांवरचा लेख वाचून तुमची ढीगभर पत्रं आली. सगळ्यांना उत्तरं मिळतील, जरा धीर धरा! पण नाशिकच्या एका आठवीतल्या मैत्रिणीच्या पत्राने मला बाकीची पत्रं बाजूला ठेवायला लावली. ते पत्रच आधी वाचा.

"काका, माझ्या पणजोबांचं देवळाली कॅम्पला कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं दुकान होतं. मी त्यांना पाहिलेलं नाही. दिवाळीत आजोबांची ट्रंक आवरताना तळाशी एक खाकी शर्ट सापडला. आजोबा म्हणतात, लढाईच्या वेळी एका अमेरिकन सोल्जरने तो धुवायला टाकला होता आणि परत न्यायला तो आलाच नाही. पणजोबांनी शर्ट विकला नाही, स्वतः घातला नाही, फाडून फडकंही केलं नाही. म्हणायचे, गिऱ्हाइकाचा कपडा आहे. कॉलरच्या आत काळ्या शाईने एक इंग्रजी अक्षर आणि चार आकडे आहेत. आई म्हणते, कुबट वास येतोय, मशीनला लावू या. दादा म्हणतो, विकला तर खूप पैसे मिळतील. शर्ट खरा आहे का? आणि आम्ही त्याचं काय करायचं?"

पत्र वाचल्यावर मी पहिली गोष्ट कुठली केली असेल? पत्रात तिच्या बाबांचा फोन नंबर होता. तो लावला आणि सांगितलं, "अहो, काहीही करा, पण तो शर्ट मशीनला लावू नका!"

माझी फजिती

एवढी घाई का, ते सांगतो. त्यासाठी मला माझाच एक मूर्खपणा कबूल करावा लागेल.

कॉलेजात असताना मुंबईच्या जुन्या बाजारात मला एक लंबगोल ॲल्युमिनियमचा डबा मिळाला होता. त्याला घडीचा दांडा. दांड्यावर 'यू. एस.' असा ठसा, कारखान्याचं नाव आणि १९४२ साल. अमेरिकन शिपायाचा जेवणाचा डबा! झाकण काळवंडलेलं आणि त्यावर कसले तरी ओरखडे. मी खुशीत घरी आलो, तारेची घासणी घेतली आणि तासभर घासून डबा आरशासारखा लख्ख केला. उन्हात वाळवताना उजेड तिरपा पडला, तेव्हा दिसलं, ते ओरखडे नव्हतेच. खिळ्याच्या टोकाने कुणीतरी एकाखाली एक गावांची नावं कोरली होती. अनेक शिपाई तसं करत. आपण जिथे जिथे गेलो, त्या गावांची नावं डब्यावर किंवा पाण्याच्या बाटलीवर कोरून ठेवत. माझ्या डब्यावर शेवटी दोन-तीन अक्षरांच्या शेपट्या तेवढ्या उरल्या होत्या. एका माणसाचा सगळा प्रवास मी एका तासात पुसून टाकला. डबा अजून माझ्याकडे आहे. चकचकीत आणि मुका!

म्हणून या छंदाचा पहिला नियम पाठ करा. आधी बघा, मग लिहून ठेवा, मग फोटो काढा. साफसफाई सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो नाहीच.

देवळालीत अमेरिकन कुठून आले?

आता तुम्ही म्हणाल, काका, देवळालीला तर इंग्रजांची छावणी होती. अमेरिकन शिपाई तिथे कुठून टपकले?

बरोबर आहे. पण दुसऱ्या महायुद्धात चीन, ब्रह्मदेश आणि भारत मिळून अमेरिकेची एक वेगळी युद्धभूमी होती. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि चीनकडे जाणारा रस्ता तुटला. मग १९४२ पासून १९४५ पर्यंत अमेरिकन विमानं आसामातून उडून, हिमालयाच्या पूर्वेकडच्या डोंगरांवरून चीनमधल्या कुनमिंगपर्यंत माल नेत होती. वैमानिक त्या डोंगरांना 'हंप', म्हणजे उंटाचं मदार म्हणत. साडेसहा लाख टनांच्या आसपास माल त्यांनी असा हवेतून नेला आणि त्यात शेकडो विमानं कोसळली. त्यांचे अवशेष अरुणाचलच्या जंगलात अजूनही सापडतात. २०२३ मध्ये तिथे पासीघाट इथे या हंपचं संग्रहालयही उघडलं.

आणि आता देवळालीची गोष्ट. ३१ ऑक्टोबर १९४३ रोजी मुंबई बंदरात एक मोठं जहाज लागलं. त्यातून अमेरिकेची एक खास पायदळ तुकडी उतरली. सुमारे तीन हजार स्वयंसेवक. पुढे सेनापती फ्रँक मेरिल यांच्या नावावरून वर्तमानपत्रांनी तिला 'मेरिल्स मरॉडर्स' म्हटलं. मुंबईहून आगगाडीने ही मंडळी आधी देवळालीच्या छावणीत आली. तिथे थोडे दिवस राहून, नोव्हेंबरातच मध्य भारतात देवगढजवळच्या जंगलात सरावाला गेली. फेब्रुवारी १९४४ मध्ये ती ब्रह्मदेशाच्या जंगलात पायी शिरली आणि १७ मे रोजी तिने मिचिनाची धावपट्टी जिंकली. पण लढाईने, तापाने आणि हगवणीने तुकडी इतकी खंगली, की ऑगस्टमध्ये ती मोडूनच टाकावी लागली.

म्हणजे अमेरिकन शिपायाने देवळालीत शर्ट धुवायला टाकला, हे घडू शकतं. पण घडू शकतं आणि घडलं यांत फरक आहे, बरं का! देवळालीवरून इतरही पलटणी येत-जात होत्या. म्हणून आता शर्टालाच विचारू या.

शर्ट बोलतो

मैत्रिणीच्या बाबांनी शर्टाचे पुष्कळ फोटो पाठवले. उजेडात, आतून, बाहेरून, शिवणीजवळून.

पहिला साक्षीदार लेबल. अमेरिकन लष्कर बहुतेक कपडे स्वतः शिवत नसे, कारखान्यांना कंत्राट देई. प्रत्येक कपड्याच्या आत एक छोटं छापील लेबल असे. त्यावर कपड्याचं सरकारी नाव, कारखाना आणि कंत्राटाची तारीख. या शर्टाचं लेबल पुसट झालंय, पण १९४२ साल वाचता येतं. शर्ट १९४३ च्या नोव्हेंबरात देवळालीत असायला हे साल अगदी जुळतं. ते १९४४ निघालं असतं, तर आजोबांची गोष्ट त्या तुकडीशी जोडता आली नसती.

दुसरा साक्षीदार बटणपट्टीच्या मागे आहे. तिथे कापडाची एक जादा झडप शिवलेली आहे. साध्या शर्टाला ती नसते. शत्रूने विषारी वायू सोडला, तर तो बटणांच्या फटीतून आत शिरू नये म्हणून ही झडप त्या काळच्या लष्करी शर्टांना लावत. नाटकासिनेमासाठी शिवलेल्या नकली शर्टात बरेचदा ती विसरतात.

तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे कॉलरमधलं अक्षर आणि चार आकडे. याला लाँड्रीची खूण म्हणतात. हजारो शिपायांचे कपडे एकत्र धुतले जात, मग आपला कुठला हे कळणार कसं? त्यासाठी नियमच होता. आडनावाचं पहिलं अक्षर आणि लष्करी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पक्क्या शाईने कपड्यावर उमटवायचे. आपल्या घरी नाही का, आजीच्या तांब्या-परातीवर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं? लग्नकार्यात भांडी इकडची तिकडे झाली, तरी ज्याची त्याला परत जावीत म्हणून! अगदी तसंच.

ती खूण मी इथे छापत नाही. ती कुणाची तरी आहे, आणि तिच्या घरच्यांना आधी कळावं, मग जगाला.

चला, थोडं गणित!

एका अक्षरावरून आणि चार आकड्यांवरून माणूस सापडेल का? वही घ्या.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९३८ ते १९४६ या काळात भरती झालेल्या सुमारे ९० लाख शिपायांच्या नोंदी आहेत आणि त्या संगणकावर कुणालाही पाहता येतात. शेवटचे चार आकडे ०००० पासून ९९९९ पर्यंत, म्हणजे दहा हजार प्रकारचे. ९० लाखांना दहा हजारांनी भागा. उत्तर ९००. म्हणजे तेच चार आकडे असलेले साधारण ९०० शिपाई. आता आडनावाचं अक्षर. इंग्रजी अक्षरं २६. सगळी सारखी वाटली गेली असं धरलं, तर ९०० भागिले २६ म्हणजे साधारण ३५. खरं तर काही अक्षरांची आडनावं जास्त, काहींची कमी, त्यामुळे हा आकडा वर-खाली होईल. पण बघा, ९० लाखांतून आपण तीस-चाळीस माणसांवर आलो, तेही शर्टाच्या कॉलरमध्ये डोकावून!

पण यात एक खोच आहे. त्या नोंदी मुळात भोकं पाडलेल्या जुन्या कार्डांवर होत्या. त्यांची फिल्म काढली आणि फिल्मवरून संगणकाने त्या वाचल्या. त्यात काही चुकल्या, काही कार्डं वाचताच आली नाहीत. म्हणजे आपला शिपाई त्या यादीत नसूही शकतो.

आणि दुसरी अडचण मोठी आहे. शिपाई कुठल्या तुकडीत होता, कुठे लढला, हे सांगणारी सविस्तर फाइल अमेरिकेत सेंट लुईस शहरात ठेवलेली असे. १२ जुलै १९७३ रोजी त्या इमारतीला प्रचंड आग लागली. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात पायदळातून आणि लष्करी हवाईदलातून सुटलेल्या बहुतेक शिपायांची माहिती त्यांत होती. असा कितीतरी शिपाई असेल, की ज्याच्याबद्दल सरकारकडे आज धड कागदही नाही. मग उरतं काय? घरात राहिलेलं एखादं पत्र, एखादी पट्टी, एखादा डबा. किंवा नाशिकच्या ट्रंकेतला एक शर्ट.

आता कळलं, मी घाईघाईने फोन का केला? ती शाई गेली असती, तर उरला असता फक्त एक जुना खाकी शर्ट. तसे शर्ट अमेरिकेने लाखांनी शिवले होते. दादाला सांग, नुसत्या शर्टाला काही मोठा भाव नाही. यातली मोलाची गोष्ट म्हणजे ती खूण आणि पणजोबांची आठवण.

खरं की बनावट?

हे वाचून तुमच्यातल्या काही जणांना हुरूप येईल. जुन्या बाजारात अशा वस्तू दिसतात, परदेशातले काका-मामाही आणतात. पण बनावट वस्तूंचा सुळसुळाट आहे. १९९८ मध्ये 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' हा सिनेमा आला आणि या वस्तूंना मागणी फारच वाढली. म्हणून काही हुकमी खुणा सांगतो.

गळ्यातली पट्टी : शिपायाच्या गळ्यात साखळीला दोन धातूच्या पट्ट्या असत. महायुद्धातल्या पट्टीच्या एका टोकाला छोटी खाच दिसते. मेलेल्या शिपायाच्या दातांत पट्टी अडकवण्यासाठी ती खाच, असं लोक रंगवून सांगतात. ती निव्वळ थाप! अक्षरं ठोकणाऱ्या यंत्रात पट्टी नीट बसावी म्हणून ती खाच होती. पट्टीवर नाव, क्रमांक, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं साल, रक्तगट आणि धर्माचं अक्षर असे. क्रमांक १ ने सुरू झाला, तर माणूस आपणहून भरती झालेला. ३ ने सुरू झाला, तर सक्तीच्या भरतीतला. १९४१ च्या अखेरीपासून १९४३ च्या मध्यापर्यंत घरच्या माणसाचं नाव-पत्ताही ठोकत. पुढे ते बंद केलं. आता सांगा, एखाद्या पट्टीवर इंजेक्शनचं साल फक्त १९४४ आहे आणि घरचा पत्ताही आहे, तर? शाब्बास! काहीतरी गडबड आहे. बनावट वस्तू अशीच पकडायची. तिच्यातल्याच दोन गोष्टींचं एकमेकींशी पटत नाही.

हेल्मेट : त्याचं नाव 'एम-वन'. १९४१ मध्ये आलं आणि युद्धात सुमारे २ कोटी २० लाख बनली. आत वेगळं हलकं अस्तर-हेल्मेट असे, ते काढलं की लोखंडी टोपाची झाली बादली! शिपाई त्यात दाढीचं पाणी घेत. कडेच्या पोलादी पट्टीचा सांधा शोधा. तो समोर असेल, तर हेल्मेट साधारण १९४४ च्या अखेरीआधीचं. मागे असेल, तर नंतरचं. हनुवटीच्या पट्ट्याच्या कड्या पक्क्या जोडलेल्या असतील, तर ते आणखी जुनं. त्या फार तुटत, म्हणून १९४३ पासून हलणाऱ्या कड्या लावू लागले.

खांद्यावरचा बिल्ला : आपल्याकडच्या अमेरिकन शिपायांचा बिल्ला ढालीसारखा होता. वर निळ्यावर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा, खाली लाल-पांढरे पट्टे. यातले पुष्कळ बिल्ले आपल्याच कारागिरांनी जरीने आणि कातड्यावर बनवले, त्यामुळे दोन बिल्ले हुबेहूब सारखे क्वचितच सापडतात. त्या काळी सुती धागा होता. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धागा पांढराशुभ्र चमकला, तर सावध व्हा! आजच्या बऱ्याच धाग्यांत चमक आणणारं रसायन असतं. पण थांबा, लगेच निकाल देऊ नका. आपल्या टिनोपालमध्ये आणि धुण्याच्या पावडरीतही तसलंच रसायन असतं. खरा जुना बिल्ला कुणी पावडरीत धुतला, तरी तो चमकतो. आणखी एक कारण, मैत्रिणीच्या आईने मशीनला हात न लावण्याचं!

नंतरचे कपडे : लेबलवर 'डी.एस.ए.' ही अक्षरं असतील, तर कपडा महायुद्धातला नाहीच. तो १९६२ ते १९७७ मधला, म्हणजे व्हिएतनाम युद्धाच्या सुमाराचा. त्यापुढच्या क्रमांकात, पहिल्या आडव्या रेघेनंतर आणि तीन आकड्यांनंतर, दोन आकडे वेगळे लिहिलेले दिसतात. ते कंत्राटाचं साल. १००-६७ असं असेल, तर १९६७.

आई-बाबांसाठी

मुलांना हा छंद जरूर करू द्या, पण दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. गोळ्या, काडतुसं, हातबाँब, तोफेचे गोळे, मग ते कितीही गंजलेले असोत, हात लावायचा नाही. जुनी स्फोटकं निकामी झालेली असतातच असं नाही. ती दिसली की लांब व्हायचं आणि पोलिसांना कळवायचं. शिवाय आपल्या शस्त्रकायद्यानुसार अशा वस्तू परवान्याशिवाय घरी ठेवणं गुन्हा आहे. आणि पदकांचा सौदा करताना विचार करा. अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, 'मेडल ऑफ ऑनर', विकणं हा तिथे गुन्हाच आहे. 'पर्पल हार्ट' हे जखमी झालेल्याला किंवा मेलेल्याच्या घरच्यांना देतात. ते विकायला बंदी नाही. पण मागच्या बाजूला नाव कोरलेलं असेल, तर ते आपण विकत घेतोय म्हणजे काय घेतोय, हे मुलांशी बोला.

मग शर्टाचं काय झालं?

मी मैत्रिणीला सुचवलं ते असं. शर्ट सावलीत, सपाट, स्वच्छ चादरीवर दोन दिवस पसरून ठेवायचा. वास बराच जातो. मग घड्यांत जुन्या धुतलेल्या सुती पंचाच्या वळकट्या घालून, पंचातच गुंडाळून ठेवायचा. प्लॅस्टिकची पिशवी नको, पावसाळ्यात आत बुरशी येते. डांबराच्या गोळ्या कपड्यावर नकोत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आजोबांना समोर बसवून, त्यांना आठवतं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. खाली तारीख आणि सही. जे लेबलवर आहे ते वेगळं, जे आजोबांनी ऐकलं ते वेगळं आणि जो आपला अंदाज आहे तो वेगळा. तीन रकाने. त्यांची सरमिसळ करायची नाही.

परवा तिचं दुसरं पत्र आलं. आजोबा आधी म्हणाले, "यात काय लिहायचंय?" आणि मग दोन तास बोलले. एक नवी गोष्ट कळली. पणजोबांच्या दुकानाच्या वहीत त्या शर्टाचे धुलाईचे पैसे बाकी म्हणून लिहिले होते. वही पुढे पुरात गेली, पण त्या बाकीवरून घरात थट्टा चालायची, ती आजोबांना आठवते. हे लेबलवर नाही, तुकडीच्या इतिहासात नाही. हे फक्त आजोबांना माहीत होतं, आणि आता ते तिसऱ्या नाही, मधल्या रकान्यात लिहिलेलं आहे.

बाबांनी भरतीच्या यादीत शोध घेतला. जुळणारी एकोणतीस नावं निघाली. यातला कुठला, ते अजून कळलेलं नाही. कदाचित कळणारही नाही. पण आता दर रविवारी ती आणि दादा मिळून एकेक नाव घेतात, त्या त्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाला पत्र लिहितात. कारण तिथली वाचनालयं गावची जुनी वर्तमानपत्रं जपून ठेवतात. हो, तोच दादा! विकायचं नाव त्याने काढलेलं नाही. पत्राच्या शेवटी तिने लिहिलंय, "काका, घरच्यांनी मागितला तर आम्ही शर्ट पाठवून देणार. इस्त्री करून."

इस्त्री नको गं बाई! बाकी सगळं बरोबर.

या आठवड्याचा उद्योग : घरातल्या माळ्यावर, ट्रंकेत किंवा भांड्यांच्या फळीवर नाव, तारीख किंवा खूण असलेली एक जुनी वस्तू शोधा. घासू नका, धुवू नका! घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला तिच्याबद्दल विचारा आणि तीन रकान्यांत लिहून पाठवा. निवडक पत्रं आपण छापणार आहोत. पुढच्या आठवड्यात भेटू, ट्रामच्या जुन्या तिकिटांसह.